समजतं सगळं, पण बोलायला गेलं की गाडी अडते

प्रश्न : ताई, मी चौतीस वर्षांची आहे. इंग्रजी वाचलेलं समजतं, ऑफिसचे मेल लिहिते, सिरीज पण सबटायटल लावून बघते. पण मीटिंगमध्ये कोणी काही विचारलं की आधी मनात मराठी वाक्य तयार होतं आणि त्याचं भाषांतर करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दोनदा क्लास लावला, दोन्ही वेळा परत टेन्सपासून सुरुवात. क्लास न लावता फ्लुएंट होता येतं का खरंच?

उत्तर : येतं. आणि तुमचं निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे हे आधी लक्षात घ्या, कारण समजणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त समजणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एक जमलं की दुसरं आपोआप येईल असं नसतं. कॅनडात इंग्रजी घरातल्या मुलांना शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकवले जायचे, कित्येक वर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजायला छान लागलं पण बोलणं मागेच राहिलं. भाषा कशी शिकली जाते याच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं, की नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः वाक्य तयार करावं लागतं, तेव्हाच आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं.

आता तुम्ही अडता कुठे ते बघू. ‘मी काल मैत्रिणीला पुस्तक दिलं’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘दिलं’ सगळ्यात शेवटी येतं, इंग्रजीत ‘आय’ म्हटल्या म्हटल्या ‘गेव्ह’ लागतं. तुम्ही ‘आय यस्टरडे माय फ्रेंड...’ असं सुरू करता, क्रियापद अजून मागेच असतं आणि तिथेच गाडी थांबते. यात शब्द कमी पडले असं नाहीच, वाक्याचं तोंड चुकलं. म्हणून सुटे शब्द पाठ करू नका, सुरुवाती पाठ करा. ‘आय वॉन्टेड टू’, ‘आय वॉज अबाउट टू’, ‘डू यू माइंड इफ आय’, ‘द थिंग इज’, असे तुकडे जिभेवर बसले की पुढचं वाक्य ओढून आणावं लागत नाही. एकेक तुकडा घ्यायचा आणि त्यावर स्वतःच्या दिवसातली पाच-सहा वाक्यं मोठ्याने म्हणायची. मोठ्यानेच हं, मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही, तिथे जीभ कधी अडखळतच नाही.

दुसरा व्यायाम मला सगळ्यात आवडतो. भाषा शिक्षक त्याला ४/३/२ म्हणतात, भाषा शिकवण्याचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणात तो सापडेल. आज काय घडलं ते ४ मिनिटं सांगा, मग तेच ३ मिनिटांत, मग २ मिनिटांत. मूळ पद्धतीत दरवेळी ऐकणारा नवा असतो, त्याऐवजी तुम्ही फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्या वेळी खूप अडखळाल, साहजिक आहे, पण विषय तोच असल्यामुळे तिसऱ्या वेळेपर्यंत काय बोलायचं ते ठरलेलं असतं आणि सगळं लक्ष कसं बोलायचं यावर जातं. मी हे करायचे तेव्हा लगेच पहिलं आणि तिसरं रेकॉर्डिंग ऐकायचे, फरक त्याच दिवशी कानाला कळायचा आणि दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटायचं.

सिरीज सोडू नका, बघायची पद्धत बदला. एका मिनिटाचा सीन घ्या, आधी सबटायटलशिवाय ऐका, मग सबटायटल बघून काय सुटलं ते तपासा, मग त्या माणसाच्या मागोमाग त्याच चालीत बोला. याला शॅडोइंग म्हणतात. दोन तास नुसतं बघण्यापेक्षा असं एक मिनिट दहा वेळा केलेलं कितीतरी जास्त उपयोगी पडतं. आणि अवघड शब्दांच्या मागे लागू नका, व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीतले कार्यक्रम सुरू केले ते साधारण १५०० शब्दांच्या यादीवर चालायचे, त्यात जगभरच्या बातम्या सांगता यायच्या, मग मीटिंगमध्ये आपलं म्हणणं मांडायला शब्द कमी कसे पडतील?

मीटिंगसाठी एवढंच करा : एक वाक्य आधीच तयार ठेवा आणि पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाका. उशीर केला की भीती वाढत जाते. आणि विचार करायला वेळ हवा असेल तर गप्प राहू नका, ‘लेट मी थिंक फॉर अ सेकंड’ म्हणा, ज्यांची ती मातृभाषा आहे ते पण म्हणतात.

प्रश्न : माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. आधी ते सुधारू का?

उत्तर : आधी नको, बोलता बोलता सुधारा. वळण मराठी असलं तर काही बिघडत नाही, समोरच्याला समजलं म्हणजे झालं. पण आघात, म्हणजे शब्दातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते, चुकला तर शब्दच ओळखू येत नाही, तिकडे जरूर लक्ष द्या. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर आहे, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टॉ’वर जातो, म्हणून ते ऐकायला ‘फटॉग्रफर’ असं येतं. नवा शब्द शिकताना जोर कुठे आहे ते वहीत खूण करून ठेवा. दुसरं म्हणजे आपला ‘व’. इंग्रजीत त्या जागी दोन वेगळे आवाज आहेत. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वरी’ म्हणताना ओठ गोल होतात आणि दात कुठे लागत नाहीत. आरशासमोर उभं राहून दोन्ही आलटून पालटून म्हणून बघा, ओठांकडे नजर ठेवा.