कोर्स नंतर शोधा, आधी माऊस बाजूला ठेवून ऑर्डरचा फॉर्म भरून बघा

तुम्ही विचारलंय की नागपुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहात, घरच्या संत्र्यांच्या व्यापारासाठी ऑर्डर घेणारी वेबसाइट करताय, ती अंध, कमी दिसणाऱ्या आणि वयस्क माणसांनाही वापरता यावी असं वाटतं, तर त्यासाठी कोणता कोर्स करावा.

माझं मत असं की कोर्सच्या आधी एकच फॉर्म नीट करायला शिका. होमपेज कितीही सुरेख असलं तरी माणूस अडतो तो फॉर्मवरच.

माऊस काढून ठेवा, टचपॅडला हात लावू नका. फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा वापरून धरमपेठेतल्या एखाद्या पत्त्यावर २ पेट्या मागवा. बहुतेक दोन गोष्टी लगेच दिसतील. आपण नेमके कुठल्या चौकटीत आहोत तेच कळत नाही, कारण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, कुणीतरी आउटलाइन (निवडलेल्या चौकटीभोवतीची कड) ‘नन’ करून ठेवलेली असते. ती ओळ काढा, किंवा फोकस-व्हिजिबलला (कीबोर्डने जिथे पोचलो त्या घटकाच्या रूपाला) २-३ पिक्सेलची ठळक कड द्या. दुसरं म्हणजे ‘ऑर्डर द्या’ या बटणापर्यंत टॅब पोचतच नाही, कारण ते बटण नसून क्लिक लावलेला डिव्ह, म्हणजे नुसता रिकामा डबा असतो. खरा ‘बटन’ टॅग वापरला की टॅब, एंटर, स्पेस आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मिळणारी ‘हे बटण आहे’ ही माहिती, सगळं ब्राउझर फुकट देतो. डिव्हवर एआरिया (स्क्रीन रीडरसाठीच्या जादा खुणा) चिकटवून हेच पुन्हा उभं करण्यात वेळ घालवू नका.

आता लेबल. चौकटीच्या आत फिकट अक्षरात ‘मोबाइल नंबर’ लिहून भागवायची सवय सगळीकडे आहे. तो मजकूर टायपिंग सुरू होताच नाहीसा होतो. मग मध्येच फोन आला आणि माणूस परतला, तर कुठे काय भरायचं होतं ते त्याला आठवत नाही. प्रत्येक चौकटीच्या वर कायम दिसणारं लेबल ठेवा आणि त्याचा ‘फॉर’ हा गुणधर्म चौकटीच्या आयडीशी जुळवा. जुळलंय की नाही हे तपासणं सोपं आहे: लेबलच्या शब्दांवर क्लिक करा. कर्सर चौकटीत गेला तर जुळलं. नाही गेला, तर स्क्रीन रीडर तिथे बहुधा नुसतं ‘एडिट’ म्हणेल आणि पुढे गप्प बसेल.

मराठी साइटची खरी गंमत अंकांत आहे. गिऱ्हाइकाचा कीबोर्ड मराठी असेल तर तो पिनकोड ४४००१० असा देवनागरीत लिहितो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा शॉर्टकट फक्त इंग्रजी अंक ओळखतो, म्हणून बरोबर पिनकोडवर ‘चुकीचा पिनकोड’ असा शेरा येतो. माणसाची काही चूक नाही, आणि ती दुरुस्त कशी करायची हेही त्याला कळत नाही. तपासणीच्या आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या, चार ओळींचं काम आहे. मोबाइलसाठी ‘नंबर’ ऐवजी ‘टेल’ हा प्रकार वापरा. अक्षरमर्यादाही जपून घाला: ‘संत्र्यांची’ हा शब्द डोळ्यांना ३ अक्षरांचा दिसतो, पण चौकटीची मर्यादा ठरवणारा मॅक्सलेंग्थ काना, मात्रा, अनुस्वार वेगळे धरून तो ११ मोजतो. २० ची मर्यादा घातली तर कित्येकांचं पूर्ण नाव अर्ध्यात तुटेल.

चूक दाखवताना नुसती लाल कड पुरत नाही. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं खूप आहेत. शब्दांत लिहा: ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक लिहिलेत.’ हे वाक्य चौकटीला एआरिया-डिस्क्राइब्डबायने जोडा, आणि कर्सर पहिल्या चुकलेल्या चौकटीवर न्या.

रंगाबद्दल तुम्हाला नक्की मोह होईल. संत्र्यांची साइट, म्हणून नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं. आरजीबी २५५, १६५, ० या नारिंगीवर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २:१ भरतो. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम; त्यांची एए ही मधली पातळी साध्या मजकुराला ४.५:१ मागते, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. त्याच नारिंगीवर काळी अक्षरं ठेवलीत तर १०:१ च्या वर जातं. पांढरंच हवं असेल तर रंग १९४, ६५, १२ इतका गडद करा, मग ५:१ च्या थोडं वर मिळेल. मे महिन्यात सीताबर्डीवर भर दुपारी फोन हातात धरून बघा, चांगली नजर असलेल्यालाही हा फरक लागतो.

एचटीएमएल टॅगवर लँग ‘एमआर’ (मराठीचा संकेत) घाला. तिथे इंग्रजी राहिलं तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि काहीच कळत नाही. देवनागरीला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेघ तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. भावपत्रक कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर त्यातला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा: इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर स्क्रीन रीडरही तोच कचरा वाचणार. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. भावाचा फोटो टाकू नका, खरा टेबल करा.

मग ऐकून बघा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्यातल्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं. एच दाबलं की शीर्षकं, एफ दाबलं की फॉर्मच्या चौकटी एकेक येतात. कंट्रोल दाबलं की गप्प होतं. अँड्रॉइडवर आधी सेटिंग्जमध्ये टॉकबॅक या तिथल्या स्क्रीन रीडरचा शॉर्टकट सुरू करा, मग दोन्ही व्हॉल्यूम बटणं ३ सेकंद दाबून तो चालू-बंद करता येतो: उजवीकडे स्वाइप म्हणजे पुढचं, दोनदा टॅप म्हणजे दाबणं. स्क्रीन झाकून ऑर्डर पूर्ण करा. क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणी साधनाने १०० गुण दिले म्हणून थांबू नका. फोटोला ऑल्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) आहे एवढंच ते बघतं. त्यात ‘आयएमजी ००४’ लिहिलंय की ‘आंबिया बहाराची पेटी’, हे त्याला कळत नाही.

नियम वाचायचे तर डब्ल्यूसीएजी २.२ वाचा, ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती. पुढे सरकारी काम घेणार असाल तर जीआयजीडब्ल्यूही (भारत सरकारच्या वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) लागेल. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे, तेव्हा हे शिकलेल्या माणसाला काम मिळेल.

शेवटी ५ माणसं बसवा: एखादी आजी, कळमना बाजारातला एखादा अडत्या, रोज स्क्रीन रीडर वापरणारं कुणीतरी नक्की. ‘२ पेट्या मागवा’ एवढंच सांगा आणि मागे बसून गप्प राहा. ‘वर उजवीकडे बघा’ असं एकदाही म्हणालात तर ती चाचणी बाद धरा. ते कुठे थांबले आणि थांबल्यावर कोणता शब्द बोलले ते लिहून घ्या. ‘चेकआउट’ला सगळे ‘पैसे कुठे भरायचे?’ म्हणत असतील, तर बटणावर ‘पैसे भरा’ लिहा.