त्याने बटण लावलं आणि मला काहीच वाटलं नाही

"ताई, आज एका मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या शर्टाचं बटण लावलं. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र घड्याळ बघत होते. मी दगड झालेय का? हे काम सोडून द्यावं का?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून उपचार देणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दिवसाला दहा मुलं, पाऊण-पाऊण तासाची सेशन्स एकाला लागून एक, नोंदी रात्री घरी.

झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार हे आधी विचारून घेतलं. तसं काही असतं तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. हा बर्नआउट होता. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामावरच्या, वेळीच न आवरलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हणते. थकवा, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. म्हणजे ज्याला ती दगड होणं म्हणत होती, ते बर्नआउटचंच एक अंग होतं.

ती मात्र त्याच्याशी झगडत होती. 'असं वाटताच कामा नये' म्हणून रोज स्वतःला दटावायची आणि आणखी थकायची.

मी विचारलं, "सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची आवळलेली मूठ तुम्ही कशी उघडता?" (सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं.)

"बोटं ओढायची नाहीत. झटका दिला की आणखी आवळते. मनगट जरा वाकवायचं, अंगठा मुळाशी धरायचा, सावकाश..." ती बराच वेळ सांगत राहिली, हातवारे करत. दगड झालेलं माणूस असं बोलत नाही. मग स्वतःच्या हाताकडे बघत गप्प झाली.

अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी आम्ही तिथून सुरू केली. नको त्या भावनांशी न झगडता त्यांचा स्वीकार करायचा आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने पाऊल टाकायचं, अशी ही मानसोपचाराची पद्धत. यातल्या 'स्वीकार' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे, विशेषतः बायकांना, 'सोसा' असा ऐकू येतो. तो अर्थ मला अजिबात मान्य नाही. आलेल्या भावनेला आत जागा द्यायची, अन्यायाला नाही.

दोन मुलांच्या मध्ये एक मिनिट पाय जमिनीवर टेकवून ती थकवा शरीरात कुठे आहे ते बघू लागली. 'मी निकामी आहे' याऐवजी 'मी निकामी आहे असा विचार आत्ता आलाय' असं म्हणू लागली. या क्षेत्रात का आलात, असं विचारल्यावर आजोबा आठवले. पक्षाघातानंतर जाड मुठीच्या चमच्याने त्यांनी पहिला घास स्वतःच्या हाताने घेतला होता. तिला जपायचं होतं ते हेच.

मग त्यासाठी पाऊल. तिने केंद्रात नोंदींसाठी कामाच्या वेळेतच रोज अर्धा तास मागितला. आठवड्यातून दोनच दिवस मिळाला. बाकीच्या दिवसांसाठी ती अजून मागतेय.

आठव्या भेटीत म्हणाली, "थकवा आहेच. काल एकाने पोळीचा तुकडा स्वतः तोडला. फार आनंद झाला असं नाही, ताई. पण त्याचा हात तोंडापर्यंत जाईस्तोवर मी बघत होते."