‘जनुकीय पार्श्वभूमीवर’ की ‘पार्श्वभूमीत’?

खानापूरच्या एका विज्ञानशिक्षिकांनी विचारलं आहे: ‘जनुकीय पार्श्वभूमी’ म्हणजे घराण्यातून आलेलं तेच ना? मग सरळ ‘वंश’ का म्हणू नये? आणि मुलांना ‘हानिकारक उत्परिवर्तन’ (जनुकात होणारा बदल, इंग्रजीत ‘म्युटेशन’) असं शिकवलं तर चालेल का?

बाई, ‘वंश’ नको. वंश म्हटलं की पूर्वज आठवतात. इथे बोलायचं असतं ते एखाद्या जनुकासोबत त्याच शरीरात नांदणाऱ्या बाकीच्या जनुकांबद्दल. सख्ख्या भावंडांचा वंश एक, पण ही सोबत दोघांची वेगळी. तेव्हा ‘पार्श्वभूमी’च ठेवा. बेळगावकडच्या मुलांच्या कानावर कन्नड ‘हिन्नेले’ असतंच, अर्थ तोच. (‘म्युटेशन’ मात्र टाळा, आपल्याकडे त्यावरून आधी जमिनीचे कागद आठवतात.)

जपून राहायचं आहे ते ‘वर’पासून. ‘निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर बंदोबस्त’ हे आपण पेपरात रोज वाचतो. तिथे अर्थ होतो ‘ते लक्षात घेऊन’. जनुकांच्या बाबतीत ‘या पार्श्वभूमीत’ लिहावं, कारण ही पार्श्वभूमी नाटकातल्या मागच्या पडद्यासारखी गप्प नसते. उत्परिवर्तनाचा परिणाम काय होणार हे ती ठरवते.

सिकलसेलचंच बघा. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक घटक म्हणजे बीटा ग्लोबिन; त्याच्या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा बदल. दोन्ही पालकांकडून आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस वाहक, आणि गंभीर मलेरियापासून त्याला चांगलंच संरक्षण. सौम्य अल्फा थॅलसेमिया हे वेगळ्याच जनुकातलं उत्परिवर्तन. तेही गंभीर मलेरियापासून वाचवतं. दोन्ही असतील तर दुप्पट फायदा व्हायला हवा ना? केनियातल्या किलिफी भागातल्या मुलांच्या अभ्यासात, २००५ साली, उलटंच दिसलं: दोन्ही एकत्र आली की संरक्षण जवळजवळ नाहीसं होतं. अल्फा थॅलसेमियात हिमोग्लोबिनचा दुसरा घटक, म्हणजे अल्फा साखळ्या, कमी पडतात; मग वाहकाच्या रक्तपेशीतलं संरक्षण देणारं सिकल हिमोग्लोबिनही घटतं. आणि ज्यांना सिकलसेलचा आजारच आहे त्यांच्यात हाच अल्फा थॅलसेमिया रक्तपेशींची फूट कमी करतो! मग त्याला चांगलं म्हणायचं की वाईट? नैसर्गिक निवडीपुढे उत्परिवर्तन कधी एकटं येतच नाही. अल्फा थॅलसेमिया जिथे सर्रास आढळतो, तिथे सिकलच्या जनुकाला निवडीचा पाठिंबा कमी पडणार.

पार्श्वभूमी पुढची वाटही उघडते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंचे एकसारखे १२ गट वाढवायला घेतले. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एकाच गटाला हवेच्या सान्निध्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाता येऊ लागलं. त्या गटाचे गोठवून ठेवलेले जुने नमुने पुन्हा वाढवले, तेव्हा ही क्षमता साधारण २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच पुन्हा उगवली. आधीचे बदल अंगी मुरलेले असल्याशिवाय ते उत्परिवर्तन कामाचं नव्हतं.

म्हणून ‘हानिकारक उत्परिवर्तन’ शिकवायला हरकत नाही. काही उत्परिवर्तनं जवळपास कुठल्याही पार्श्वभूमीत घातकच असतात. बाकीच्यांबाबत ‘कोणत्या पार्श्वभूमीत?’ हे मुलांनी विचारायला हवं. जनुकांच्या या परस्परप्रभावाला ‘एपिस्टॅसिस’ म्हणतात, तो शब्द तसाच वापरा. जनुकशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांच्या मूळ वापरात एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकणं एवढाच अर्थ होता. आज तो बराच रुंदावला आहे, त्यामुळे झाकण्या-दडपण्याच्या अर्थाचा मराठी प्रतिशब्द घेतला तर किलिफीचं उदाहरण त्यात बसणार नाही.