एकाच जंतूमुळे होणाऱ्या कुष्ठरोगाचे पीबी आणि एमबी असे दोन प्रकार का? उपचार सुरू झाल्यावर काकांचे चट्टे लाल होऊन सुजलेत, औषध बंद करावं का?

बंद करू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतोय, कारण चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो, तरी नेमक्या याच मुद्द्यावरचा वाद माझ्या सासुरवाडीत अजून मिटलेला नाही.

पाचपर्यंत चट्टे असले की पीबी (पॉसिबॅसिलरी, म्हणजे कमी जंतूंचा), सहा किंवा जास्त असले की एमबी (मल्टिबॅसिलरी, म्हणजे जास्त जंतूंचा), सहा महिने आणि बारा महिने औषध, हे तुम्हाला आशाताईंनी सांगितलंच असेल. जंतू एकच, पण प्रकार ठरतो तो रोग्याच्या प्रतिकारशक्तीवर. हा जंतू महासंथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. शरीराच्या थंड भागांत तो रमतो: कातडी, कानाची पाळी, नाक, कातडीलगतच्या नसा. बहुतेक माणसं त्याला परस्पर संपवतात. ज्यांना ते जमत नाही, पण प्रतिकार जोरात असतो, त्यांना एक-दोन ठसठशीत बधिर चट्टे येतात. कातडीचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी जंतू सापडत नाही, मात्र त्या मारामारीत नस चेचली जाते. प्रतिकारच नसेल तर जंतू अंगभर पसरतो. कातडी तुकतुकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात. या दोन टोकांमध्ये रिडले आणि जॉपलिंग या डॉक्टरांनी १९६६ साली एकूण पाच पायऱ्या मांडल्या. त्यासाठी कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात कामापुरते दोनच प्रकार ठेवले. शहरातले काही डॉक्टर याला 'चट्टे मोजण्याचं शास्त्र' म्हणून हसतात. त्यांनी भर पावसात जिवती तालुक्यात सूक्ष्मदर्शक घेऊन फिरून दाखवावं.

मधल्या पायऱ्यांवरच्या रोग्याची प्रतिकारशक्ती कधीही उसळते. औषधाने जंतू मेले तरी त्यांचे अवशेष शरीरात राहतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. चट्टे लाल होतात, सुजतात, नसा दुखतात. याला आम्ही रिअ‍ॅक्शन म्हणतो.

सासूबाईंच्या दंडावरचे आणि पाठीवरचे चट्टे दिवाळीत मीच पाहिले. थोरले मेहुणे शाळेत गणित शिकवायचे. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," म्हणाले. मग, "आता आईला आनंदवनात सोडायचं का?" एमबीची पाकिटं कशीबशी सुरू झाली. पाकिटातल्या क्लोफाझिमिन या औषधाने कातडी काळवंडली, त्यावरून एकदा भांडण झालं. पुढे चट्टे सुजले तेव्हा त्यांनी आम्हाला न कळवता पाकिटं माळ्यावर टाकली आणि कुणाकडून तरी लेप आणला. फोन केला की, "आई ठणठणीत आहे." बायको माहेरी गेली तेव्हा भाकरी थापताना सासूबाईंची करंगळी आणि अनामिका सरळ होत नव्हती. कोपराजवळची नस बोटाला दोरीसारखी लागत होती. प्रेडनिसोलोन, म्हणजे नसेची सूज उतरवणारं स्टेरॉइड, सुरू केलं, गोळ्या पुन्हा चालू केल्या. अनामिका बरीचशी सुधारली, करंगळी वाकडीच राहिली.

आणि हे गृहस्थ आजही प्रत्येक लग्नात चार लोकांत म्हणतात, "जावईबापूंच्या गोळ्यांनी आईचा हात गेला." अहो, रिअ‍ॅक्शन गोळ्यांआधीही येते, चालू असताना येते, कोर्स संपल्यावरही येते. हात गेला तो सुजलेल्या नसेला वेळेवर प्रेडनिसोलोन न मिळाल्याने. गणिताच्या मास्तरांना एवढी वजाबाकी जमू नये? शेजाऱ्यांना त्यांनी 'संधिवात' सांगितलं होतं, तेही इथे लिहून ठेवतो.

बोटं झडतात म्हणजे जंतू ती खातो असं नाही. बधिर हाताला चटका बसलेला, काटा रुतलेला कळत नाही; जखमा चिघळतात, हाड झिजत जातं.

आता काही गोष्टी राहिल्या. चट्ट्यांची संख्या हा एकमेव निकष नाही. चट्टा एकच असला तरी काचपट्टीवर जंतू दिसले, किंवा एकाहून जास्त नसांना इजा असली, तर एमबीचाच कोर्स. चेहऱ्यावरचा चट्टा बधिर असेलच असं नाही, आणि काहींना चट्टा नसतोच, फक्त नस जाड होते. काकांच्या हातापायांची ताकद आणि संवेदना याच आठवड्यात तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं. प्रेडनिसोलोन मनाने आणून देऊ नका, साखर वाढते, दडलेला क्षय उसळू शकतो. आणि 'बंद करू नका' याला एक अपवाद आहे: अंगभर पुरळ, ताप आणि डोळे पिवळे अशी लक्षणं दिसली तर तो पाकिटातल्या डॅप्सोन या औषधाचा त्रास असू शकतो. तसं झालं तर पुढची गोळी देऊ नका, पाकीट बरोबर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.