मेरिडियन शिकायला घेताय? आधी एवढंच करा

मेरिडियन म्हणजे चिनी वैद्यकानुसार शरीरातून ऊर्जा वाहते ते मार्ग; त्यांवर दाबायचे किंवा ॲक्युपंक्चरची सुई टोचायचे बिंदू असतात. त्या ३६१ बिंदूंचा तक्ता सध्या गुंडाळून ठेवा. पहिल्याच आठवड्यात तो पाठ करायला बसणारे बहुतेक जण महिन्याभरात कंटाळतात. आधी बारा मुख्य मार्गांची दिशा अंगात मुरू द्या. यिन आणि यांग हे या मार्गांचे दोन गट. उभे राहा, हात वर करा:

- हाताचे यिन: छातीकडून बोटांकडे
- हाताचे यांग: बोटांकडून चेहऱ्याकडे
- पायाचे यांग: चेहऱ्याकडून पावलांकडे
- पायाचे यिन: पावलांकडून धडाकडे

मग फुप्फुसाचा मार्ग घ्या, अकराच बिंदू आहेत. मूत्राशयाच्या मार्गाच्या ६७ बिंदूंना आत्ताच हात घालू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती मोजण्यात. बिंदूची जागा मोजायचं ‘त्सुन’ हे माप समोरच्याच्या बोटांचं, तुमच्या नव्हे! त्याची चार बोटं जोडून गुडघ्याच्या बाहेरच्या खळगीखाली धरा, मग नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर सरका. तिथे दाबलं की बोथट ठणका लागतो. हा जठराच्या मार्गाचा ३६ वा बिंदू, त्सूसान्ली. दहा जणांच्या पायावर शोधा, हात आपोआप बसेल.

हे मार्ग म्हणजे नसा किंवा रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीररचनेच्या पुस्तकात शोधत बसू नका. आणि सुई अजिबात नको. छाती-पाठीवर ती खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. सध्या बोट आणि स्केचपेन पुरे.