‘भाऊसाहेबांना सांगितलं होतं’ एवढ्याने भागत नाही

नगर जिल्ह्यातल्या एका वाचकांनी लिहिलंय: शेततळं खोदताना जेसीबीचा दात लागून मातीचं गाडगं फुटलं, आत चाळीसेक नाणी निघाली. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला फुली आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळं. याला चार महिने झाले. मेहुण्यांनी काही नाणी चिंच लावून घासली, तीन नाणी एका व्यापाऱ्याला ‘दाखवायला’ दिली. शेत आमचं, मग नाणी आमचीच ना? आणि तलाठी भाऊसाहेबांना तेव्हाच सांगितलं होतं.

अशी पत्रं मला नेहमी येतात आणि हे शेवटचं वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं. घात तिथेच होतो.

1878 चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू त्यात येते. ही दहा रुपयांची मर्यादाही 1878 चीच आहे, त्यामुळे ‘तांब्याचीच तर आहेत’ ही सबब चालत नाही. कलम 4 म्हणतं की ज्याला वस्तू सापडली त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. शिवाय वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करीन असं तारण द्यायचं. तलाठ्यांच्या कानावर घालणं यात कुठेच बसत नाही.

‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. पण चार महिन्यांचं समर्थन मला तरी करता येणार नाही. कळवलं नाही तर कलम 20 प्रमाणे तुमचा वाटा सरकारजमा होतो, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ओळख लपवण्यासाठी वस्तूत फेरफार केला तरी हीच शिक्षा. चिंचेने घासण्यामागे तसा हेतू नव्हता हे मला पटतं; तपास करणाऱ्याला पटेलच, याची खात्री देता येत नाही. नाण्यांवरचा हिरवा थर मात्र कायमचा गेला. अशी फुली सातवाहनांच्या नाण्यांवर असते. दोन हजार वर्षं मातीत टिकलेला पुरावा आपण एका दुपारी घासून टाकला, याचं मला फार वाईट वाटतं.

वाट्याचं म्हणाल, तर मालक म्हणून कुणीच सिद्ध झालं नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं जमिनीच्या मालकाला. सापडणारे तुम्ही की जेसीबीचालक, हे त्या दिवशी नेमकं काय घडलं त्यावर ठरेल. पुढे सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे, असंही तुम्ही लिहिता. वडील जाऊन किती वर्षं झाली? वारसनोंद एवढी रखडवायची असते का? उद्या एखाद्या भावाने मालकीवर हरकत घेतली तर प्रकरण दिवाणी कोर्टात जाईल, आणि तिथल्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत.

तशीही घाई होणार नाही. हक्क सांगणाऱ्यांना हजर राहण्यासाठी जाहीर सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांतली तारीख दिली जाते. सरकारने नाणी घ्यायची ठरवली तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा, एवढेच पैसे मिळतील. तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव! या तरतुदीमुळेच लोक गप्प बसतात, ती बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज कायदा हाच आहे.

व्यापाऱ्याकडची तीन नाणी आजच परत आणा. कुरिअरने परदेशी गेली तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. मग जवळच्या वकिलांना दाखवून अर्ज लिहा. तारीख खरी घाला, उशीर कबूल करा, तलाठ्यांना कधी सांगितलं तेही नमूद करा. खटला होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण छाप्यात सापडण्यापेक्षा स्वतः गेलेलं केव्हाही बरं. कलेक्टर कचेरीत आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. गाडग्याच्या खापऱ्या बांधावर पडल्या असतील तर त्याही न धुता सोबत न्या.