वाचकांचे प्रश्न : बोटांनी वाचायचा नकाशा

प्रश्न : शाळेच्या इमारतीचा आराखडा फुगणाऱ्या कागदावर काढून अंध विद्यार्थ्यांना दिला. रेघा छान उठल्या आहेत, तरी मुलांना वाट उमगत नाही. कुठे चुकलं?

उत्तर : चूक आराखड्यातच आहे. डोळा अख्खं पान एकदम पाहतो; बोट पेरभर जागा चाचपतं आणि बाकीचं लक्षात ठेवून जोडत जातं. त्यामुळे भिंतीची जाडी, दारांच्या कमानी असले तपशील काढून टाका. दुहेरी रेघेची भिंत बोटाला अरुंद बोळ वाटते. तिथे एकच ठळक रेघ हवी. शेजारच्या रेघांत किमान ३ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा.

खरा घोळ ब्रेलचा. छापील अक्षर बारीक करता येतं, ब्रेल नाही. प्रत्येक अक्षर सुमारे ६ मिलिमीटर जागा घेतं, म्हणजे आठ अक्षरांचं नाव जवळपास ५ सेंटिमीटर खातं. नकाशावर दोन अक्षरी खूण लिहा, पूर्ण नावं वेगळ्या पानावर. ब्रेल रेघेला अजिबात टेकू देऊ नका. ‘अ’ म्हणजे एकच ठिपका. त्याच्या लगेच खाली रेघेचं टोक आलं, की बोट ‘ब’ वाचतं!

कागद तापवताना काळी शाई उष्णता शोषते आणि तेवढाच भाग फुगतो. करडी छटाही अर्धवट उठून खरखर करते, म्हणून ती नकोच. कागद यंत्रातून फार हळू सरकला तर कोरी जागाही फुगते. आधी एका पट्टीवर वेग ठरवा. वरचा उजवा कोपरा तिरका कापला, की पान सुलटं आहे हे हाताला कळतं.

तपासणी ब्रेल वाचणाऱ्याकडूनच करून घ्या. डोळे मिटून बसलेल्या डोळस माणसाला चित्र आधीच ठाऊक असतं.

प्रश्न : फोन बोलून रस्ता सांगतो, मग असा नकाशा कशाला?

उत्तर : फोन पुढचं वळण सांगतो, कुठला रस्ता कशाला समांतर, चौक कसा, हे हातालाच कळतं. शिवाय मोकळ्या जागेतही जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहात हे त्याला सांगता येईलच असं नाही. इमारतीत तर ते भरवशाचं नाहीच.

दोन्ही जोडता येतात. नकाशाच्या मागे एनएफसी स्टिकर (फोन जवळ नेला की त्यातला मजकूर फोनला वाचता येतो असे चिपचे स्टिकर) लावा, प्रत्येकात त्या जागेचं वर्णन भरा. फोन टेकवला की तो वाचून दाखवतो. स्टिकर ५ सेंटिमीटर तरी अंतरावर हवेत, नाहीतर शेजारचाच बोलतो. आणि धातूच्या टेबलावर नकाशा ठेवू नका, तिथे साधे स्टिकर गप्प बसतात.